कितवा महिना

सावद्यात तेव्हा दोनच शटरं अर्धी वर असायची,
डेअरीचं आणि आमच्या मेडिकलचं.
मालक घरून फोनवर, काउंटरला मी.
दुकानापुढची चुन्याची वर्तुळं माझ्याच हातची,
बादलीच्या बुडाचं माप घेतलं,
म्हणून जरा लहान झाली.
जाड माणसाच्या टाचा बाहेर राहायच्या.

त्या वर्तुळांत उभं राहून गाव भांडायचं.
"हाणलंच पाहिजे. हात जोडून ऐकणारे लोक नाहीत हे,"
नेहेते गुरुजी, बीपीच्या गोळ्या मोजून घेता घेता.
"काठीचं कलम दाखवा मला,"
भारंब्यांची मृणाल, वकिलीचं दुसरं वर्ष, कॉलेज बंद.
"केळीच्या ट्रकला दिल्लीपर्यंत पास,
घड वाहणाऱ्याले गल्लीच्या तोंडाशी दांडका,"
हे मागच्या वर्तुळातून. कोण बोललं, मास्कमुळे कळलं नाही.
मी म्हणायचो, पोलीस बरोबर आहेत.
मला तेव्हा तसं वाटायचंही.

आणि तारेला टोचलेल्या जुन्या चिठ्ठ्यांतली
एखादी काढून द्यायचो, कोणी मागितली तर.
नाक्यावर दाखवायची, औषधाला चाललो म्हणायचं.
पैसे कधी घेतले नाहीत.
एकदा केळीची फणी घेतली.

ओंकार सपकाळेला दिली ती मी वाचली नाही.
त्यानेही नाही.
डॉक्टरचं अक्षर कोण वाचतं?

मुराद तडवीने वाचलं.
सकाळी सातपासून उभा होता नाक्यावर,
पंचेचाळीस डिग्रीत, एकच खुर्ची, ती साहेबांची.
आता दिवेलागण झालेली. बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचलं:
"सौ. रोहिणी. वय तेवीस. आठवा महिना."
मग वर बघून,
"तुले कितवा लागला रे भो?"

गच्च्या हसल्या. शटरच्या आत मी हसलो.
ओंकारही हसला.
बहुतेक त्या हसण्यावरच काठी आली.

क्लिप अकरा सेकंदांची.
हसू तिच्यात नाही. काठीपासून सुरू होते.
चिठ्ठी दिसते, खाली पडलेली,
कोणीतरी तिच्यावर लाल गोल काढला.
रात्रीतून तालुकाभर झालं:
गरोदर बायकोच्या औषधाला निघालेल्याला फोडलं.
ओंकारचं लग्न झालेलं नाही.
गुरुजी म्हणाले, पत्ते कुटायला चालला असणार.
मृणालने दोन पानी अर्ज लिहिला,
झेरॉक्स आमच्याकडेच काढली.
तडवीला जळगावला बसवून ठेवलंय म्हणे,
कोणी म्हणे, रजेवर आहे.
त्याची आई शुगरच्या गोळ्या न्यायला यायची,
वर्तुळाच्या बरोबर मधोमध उभी राहायची,
पदर नाकावर, कोणाकडे न बघता.
चिठ्ठी आली कुठून,
हे एवढ्या भांडणात कोणी विचारलं नाही.
मीही तो विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी ओंकार आला मलम घ्यायला.
"कुठी चालला होता रे?"
"सुकीवर."
"सुकीत पाणी कुठाय एप्रिलात?"
"पाणी कायले पाहिजे?
घरात नऊ जण, एक कुलर, तोबी बाबाच्या तोंडाशी.
वाळू रात्री गार राहते.
जरासा बसलो असतो."
मलमाचे पैसे नको म्हणालो.
त्याने पस्तीस रुपये काचेवर ठेवले,
सुट्टे, एकाखाली एक लावून.

वर्तुळं त्याच पावसाळ्यात गेली.
भांडण आहे अजून.
गुरुजी वरणबट्टीच्या पंगतीत काढतात,
हाणलंच पाहिजे होतं म्हणतात, आवाज थोडा खाली आलाय.
मृणाल आता रावेरच्या कोर्टात उभी राहते,
भाषणात त्या गरोदर बाईचं उदाहरण देते.
ऐकणारा कोणी विचारतो, मग तिचं पुढे काय झालं?

मुलगी झाली.
ग्राइप वॉटर माझ्याकडूनच जायचं.
रोहिणीताई अजून येते, पोरीचा हात धरून,
मी काही बोलत नाही.
बिलावर नाव लिहितो
आणि चिठ्ठी तिला परत देतो.