उदबत्ती संपेपर्यंत

तीस वर्षं मी मातीच्या म्हाताऱ्यांचे डोळे रंगवते.
शीवानच्या भट्टीत जायच्या आधी
कोळी, भिक्षू, बुद्धिबळ खेळणारे,
दिवसाला चाळीस जोड्या, केसाएवढ्या कुंचल्यानं.
हात अजून हलत नाही.
गुडघे मात्र जिना बघूनच कुरकुरतात.

भाचा म्हणाला, मावशी, कुंग फू शिक.
फोशानात राहून नुसतं चालायला जाणं म्हणजे
नदीकाठी घर आणि पाणी बाटलीचं.
मग विचारलं, शैली कुठली?
जणू बाजारात चार मासे मांडलेत
आणि मी फक्त बोट दाखवायचं.

पहिल्या शनिवारी होंग क्युन.
थाम कुळाच्या पूर्वज-मंदिरामागचं अंगण,
भिंतीवर सिंहांची मुंडकी,
एकाच्या डोळ्यातला बल्ब गेलेला.
थाम गुरुजी म्हणाले, वाघ हाडांसाठी, बगळा शिरांसाठी,
पण आधी वर्षभर घोडा. बसा.
कशावर?
हवेवर. ही उदबत्ती संपेपर्यंत.
बसले. मांड्या लटलटल्या.
उदबत्ती वाटली त्यापेक्षा लवकर संपली.

दुसऱ्या शनिवारी विंग छुन,
बाथरूमच्या फरश्यांच्या दुकानावर, तिसरा मजला.
लिफ्ट होती, तिथंच मी निम्मी पटले.
लाकडी पुतळ्याला तीन हात, एक पाय.
ही शैली एका बाईनं घडवली, ते म्हणाले,
म्हणून बायकांना सोपी.
सांगणारे सहा जण. सहाही पुरुष.
मी विचारलं, तिला सोपी गेली होती का?
त्यांनी माहितीपत्रक दिलं.

तिसऱ्या शनिवारी छोय ली फत.
खांद्यापासून सुटलेले हात,
ओली चादर झटकावी तसे.
मजा आली, खोटं कशाला बोलू.
एका झटक्यात शेजारच्या क्वोक आजोबांची टोपी उडवली,
त्यांनी हसत उचलली.
पण तो ढोल!
रात्री उशीतसुद्धा वाजत राहिला.

चौथ्या शनिवारी तळ्याकाठी आऊ आजी.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, उभा जन्म रेशमाच्या गिरणीत
कोश उकळून धागा काढलेला.
शैलीचं नाव?
नाव कशाला, घरचं आहे.
सासूनं दिलेल्या सात चाली,
त्यातली सहावी विसरली.
तिथं आली की थांबते,
विजारीला हात पुसते,
आणि सातवी करते.

मी तिच्याकडेच राहायला हवं होतं.
गोष्ट म्हणून ते शोभलं असतं.
पण माझा थर्मास थामांच्या अंगणात राहिला होता.

आणायला गेले तर
बँकेतला कुणी जाडा माणूस घोड्यावर थरथरत होता,
डोळे मिटलेले, हनुवटीवरून घाम.
आणि त्याच्या पाठीमागं
झाडू मारणारा पोरगा, बारा-तेराचा, एक दात किडका,
वाकून उदबत्तीवर
हळूच फुंकर घालत होता.
टोक लाल व्हायचं. राख गळायची.
थाम गुरुजी समोरच उभे.
त्यांना दिसत होतं.
ते वळले आणि सिंहाच्या डोळ्यातला
बल्ब बदलायला लागले.

मी थर्मास उचलला, हलवून पाहिला.
महिन्याभराचा शिळा चहा.
परत तिथंच ठेवला.

कारखान्यात विचारतात, हीच का गं निवडलीस?
मी सांगते, वाघ, हाडं, परंपरा.
त्यांना पटतं.

आता नववा महिना. अजून घोडाच.
बँकवाला तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद झाला.
पोरगा, फुंग हेई-यान त्याचं नाव,
माझ्या उदबत्तीकडे हल्ली फिरकत नाही.
लांबून बघतो, झाडू फिरवत निघून जातो.
पूर्ण जळते ती, तांबड्या काडीपर्यंत,
आणि मला त्याचा
राग येतो.