एम-तीस

रात्रपाळीला काट्यावर मी असते
आणि गेटावर हिंदुराव चौगले.
पलटणीत सतरा वर्षं काढली त्यांनी,
त्यातली तीन बर्फ मोजण्यात.

आमच्या कागलकडं बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा,
नाहीतर मासळीच्या टेम्पोतून गळत जाणारं पाणी.
मी म्हटलं, मोजायचं काय त्यात? किती पडलं, एवढंच ना?
"किती पडलं ते शेंबडं पोरगं सांगंल.
कशावर पडलं ते बघायचं असतंय."

दोन वाजता गाड्यांची रांग तुटली.
त्यांनी कॅन्टीनमधून ताट आणलं,
सॅम्पलच्या पिशवीतली साखर त्यात बोटभर पसरली.
एम-तीस, जाडा दाणा.
"ह्यो तळचा थर. नोव्हेंबरातला.
खाली जमीन कोमट, वर उणे तीस,
त्या वढाताणीत बर्फाची अशी साखर हुती.
मूठ वळ बघू."
मी वळली. उघडली. सगळी सांडली.
"एकमेकाला धरत न्हाई. कळलं?"

मग डब्यातली कालची भाकरी त्यावर ठेवली.
हा जानेवारीचा थर, वाऱ्यानं आणून थापलेला.
भाकरीवर बोटं आपटली त्यांनी,
दहा मनगटातनं, दहा कोपरातनं, दहा खांद्यातनं.
कितव्या ठोक्याला तुटतंय, ते वहीत लिहायचं.

ताट हळूहळू कलतं केलं.
"पन्हाळ्याच्या तटावर बर्फ टिकायचं न्हाई,
पंचगंगेच्या घाटावर घसरायचं न्हाई.
वाईट असतोय तो मधला उतार.
माणसाला तोच बरा वाटतो."
भाकरी बसून होती. अजून बसून होती.
मग अख्खी निघाली, एका दमात,
आणि माझ्या पावत्यांवर येऊन पडली.

"त्याच्या आधी पायाखाली हुप्प वाजतंय.
डोंगर दम सोडतो. ऐकू आलं की गुमान माघारी फिरायचं."
तुम्ही ऐकलंय?
"मी तंबूत हुतो. वही लिहीत.
एकोणिसाव्या ठोक्याला तुटलं हुतं.
एकोणीस म्हंजे मध्यम. मध्यम लिहिलं.
नेसरीचा बळीराम, गढवालचा नेगी,
रॉकेलचे आठ डबे. गेले."

टॉर्च उगाच लावली, विझवली.

"खड्डा मी उन्हाच्या अंगाला खणला हुता.
ते गेले सावलीच्या अंगानं.
तिकडं साखर जास्त."

तेवढ्यात मुरगूडकडची गाडी आली, गाणी लावून.
मी भरलेलं वजन घेतलं, पावती फाडली,
आणि विचारायचं नव्हतं ते विचारलं:
किती होतं वजनाला?
त्यांना पाठच होतं.
साठ मीटर बाय चाळीस, जाडी पाऊण मीटर,
घनमीटरला तीनशे किलो.
माझी बोटं सवयीनं चालली. पाचशे चाळीस टन.
आमच्या हिशेबानं सत्तावीस गाड्या ऊस,
दोघांच्या अंगावर.

बळीराम जुलैत सापडला. नेगी पुढल्या वर्षी.
डबे अजून न्हाईत, म्हणाले,
आणि भाकरीवरची साखर फुंकून
चहात बुडवून खाल्ली.

मार्चात पट्टा पडला. गव्हाण धुतली, भोंगा गप्प झाला.
चौगल्यांनी जाता जाता
रिकाम्या काट्यावर उभं राहून पाहिलं. सत्तर दाखवलं.
आमचा काटा दहाच्या पटीत बोलतो,
मधलं काही सांगत नाही.

यंदा मोळी पडल्यापासून
रोज सकाळी "काटा बरोबर" अशी सही करण्याआधी
मी तीच गाडी पलीकडच्या बाजूनंही चढवायला लावते.
ड्रायव्हर शिव्या घालतात, रांग खोळंबते,
शेतकी ऑफिसातून फोन येतो, "मॅडम, कशाला?"
मी म्हणते, दोन मिनिटं,
आणि मागची चाकं पुरती वर यायची वाट बघते.