मोरीच्या फोटोखाली

गटाचं नाव मी साधंच ठेवलं होतं,
'गल्लीतले शेजारी'.
मी ॲडमिन. म्हणजे काय, तर
फोन चार्ज करायचं खोपटं माझं,
पाचशे शिलिंगला एक, शंभर टक्के भरून;
गल्लीतला राग आधी माझ्या तारांतून जातो.

मंगळवारी उजाडताना ओचेनने फोटो टाकला.
खचलेली मोरी, तिच्यात बोडा पालथी,
चाकं वर, मेलेल्या झुरळासारखी,
आणि काठावर, आभाळ पाठीशी घेऊन,
एक कलोली. तो टकला, कचऱ्यावरचा मोठा करकोचा.
वकिलासारखा उभा, फी मिळाल्याशिवाय हलायचा नाही.
खाली एकच शब्द: बघा.

बघितलं सगळ्यांनी.
सिमेंट कुणी खाल्लं.
चेअरमनच्या मेव्हण्याचं लोखंडी फाटक कुठून आलं.
उत्तरेकडचे लोक राहायला आल्यापासून ही गल्ली,
असं एकाने लिहिलं आणि पुसलं.
पण पुसल्याचीही ओळ राहते तिथे,
थुंकी पुसल्यावर फरशी ओलसर राहते तशी.

बिरुंगीबाई, निवृत्त हेडमास्तरीण,
शिव्यांतलं शुद्धलेखन तपासत होत्या.
सेबूफूने दुबईच्या गोदामातून, रात्रपाळी संपवून,
सात मिनिटांचा आवाज पाठवला:
इकडे रस्ते कसे आरशासारखे.
क्योमुकामा म्हणाली, मग त्यात तोंड बघ,
आणि गेल्या वर्षीची वर्गणी धाड.
चौऱ्याहत्तर पिवळी तोंडं हसून हसून रडली.

चेअरमन वाचत होता. निळ्या खुणा दिसत होत्या.
शेवटी त्याने एक चित्र टाकलं,
सूर्योदय, कबुतर, देव पाहतो आहे.
त्या कबुतराने तरी काय पाप केलं होतं.

दुपारी वास्वाने लिहिलं, दगड आणा.
पुढे घराचा नकाशा, लाल टाचणीसकट.
वास्वा माझा जुळा. आमच्याकडे नावावरूनच कळतं,
वास्वा आधी आलेला, नकातो मागून आलेली.
बोट काचेवर टेकवून मी बसून राहिले.
आई काय म्हणेल, हा विचार दोनदा केला.
मग पडद्यावर उमटलं,
'नकातोने वास्वाला काढून टाकलं',
चव्हाट्यावर, दोनशे अकरा माणसांसमोर.
एका पोटात नऊ महिने जागा वाटून घेतली होती आम्ही.

संध्याकाळी बिरुंगीबाईंनी विचारलं,
पण बोडावाला कुठे आहे?

बराच वेळ कुणी टाइप करत नव्हतं.
मग ओचेनचा आवाज आला, औषधाने जड झालेला:
मीच तो. पाय मोडलाय, दोन ठिकाणी.
फोटो आतून काढलाय, बाई. खालून वर.

आम्ही सगळ्यांनी तो फोटो पुन्हा उघडला.
करकोचा आमच्याकडे वाकून बघत होता.

त्याला वर काढलं कोळसेवालीने आणि दोन पोरांनी.
त्यांच्याकडे फोन नाही. म्हणून गटात नाहीत.

मग यादी सुरू झाली, एकाची दुसऱ्याने उचलून
खाली आपलं नाव जोडत:
बिरुंगी वीस हजार, क्योमुकामा पाच,
पुसलेल्या ओळीचा मालक पंधरा,
चेअरमन पन्नास (यावर वेगळं भांडण),
सेबूफू: उद्या.

रात्री वास्वा खोपट्यावर आला.
फोन तारेला लावला. माझ्याकडे बघितलं नाही.
दहा हजाराची नोट ठेवली डबीवर,
लिही म्हणाला, नाव घालू नको.
मी लिहिलं, 'एक शेजारी, दहा'.
त्याचा फोन भरेपर्यंत दोघं उभे होतो,
बारा टक्के, तेरा,
ती जुनी बॅटरी, तिला वेळ लागतो.

मोरी अजून तशीच आहे.
कुणीतरी तिच्यात केळीचं रोप लावलं.
त्याचाही फोटो आला, आणि कालपासून वाद पेटलाय,
ही केळ मटोकेची, शिजवायची,
की पिकवून खायची.