एक दोरा

आमच्या कोल्हापुरात बायका
'मी येतो', 'मी जेवलो', 'मी चाललो बाजाराला' म्हणतात.
पुण्याची माणसं हसतात, हसू देत.
पण 'मला नको' हे
आईच्या, मावशीच्या, शेजारच्या मालूकाकींच्या तोंडून
कुठल्याच रूपात मी कधी ऐकलं नव्हतं.
म्हणून मलाही ते येत नव्हतं.

मोजणं येत होतं.
पंख्याचे फेरे. भिंतीवरच्या पालीची चुकचुक.
तालमीच्या पोरांची मोटरसायकल
गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत धरलेला श्वास.
ओटीपोटात कुणी ओलं फडकं पिळायचं,
पीळ मागं कंबरेपर्यंत जायचा,
आणि माझं कण्हणं
आनंदा दुसरंच काही समजायचा.
समजू दिलं. सात वर्षं.

सासूबाई गंगावेशीतून धारोष्ण दूध आणायच्या,
'अंगात कस न्हाई पोरीच्या.'
कुणी म्हणालं, एक पोर झालं की सुटंल.
झालं.
सुटलं नाही.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी
कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला पिशवी काढली,
आणि पिशवीबाहेर ठिपके.
'आतलं अस्तर इथं, इथं, आतड्यालाही चिकटलंय.'
एंडोमेट्रिओसिस.
एवढं लांबलचक नाव ऐकून मला बरंच वाटलं,
म्हणजे नखरे नव्हते.
मग मान वर न करता त्यांनी विचारलं,
'संबंधाच्या वेळी दुखतं?'
मी म्हटलं, 'पहिल्यापासून.'
शेजारच्या खुर्चीत
हेल्मेटच्या पट्टीशी चाललेला आनंदाचा चाळा थांबला.

उमा टॉकीजच्या सिग्नलला हिरवा पडला,
मागून हॉर्न, शिव्या.
त्यानं गाडी हलवलीच नाही.
'पोरगी राहिली तवा बी?'
'तवा बी.'

त्या रात्रीपासून तो बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर.
बावीस दिवस.
ताट देताना बोट लागलं तरी हात मागं.
मी काचेची बरणी झालो.
दुखणं जुनं होतं, ओळखीचं होतं,
हे नवीन कुठं ठेवायचं कळेना.

तेविसाव्या रात्री सतरंजीच्या कडेला जाऊन बसलो.
'उद्यमनगरात लेथवर घाई केली तर काय होतं?'
'जॉब जातो.'
'मग?'
अंधारात तो हसला का रडला,
आवाजावरून समजलं नाही.
पण सरकून जागा दिली.
म्हणाला, 'एका सुतात आठ दोरे असतात.
तू सांग, मी तेवढंच.'

आता तो विचारतो, 'किती?'
मी सांगतो, दोन दोरे. सूतभर.
आज मशीन बंद.
कधी नुसता त्याचा तळवा, कूलंटच्या वासाचा,
गरम पिशवी निवल्यावर ओटीपोटावर.
कधी तळपायाला तेल, आणि पोरीच्या शाळेच्या गप्पा.
कधी तो चिडतोही,
भांडी आपटत घासतो, मी ऐकत पडतो.
आणि कधी मलाच हवं असतं, खूप,
अंग दार उघडत नाही.
ते मोजायला त्याच्या व्हर्निअरवर खूण नाही,
माझ्याजवळही नाही.

परवा रात्री साडेअकरा.
सगळं जमत आलेलं असताना
माझ्या तोंडून निघालं,
'मला नको.'
तो उताणा झाला. पंख्याकडं बघत राहिला,
बराच वेळ.
मग म्हणाला, 'चहा टाकू?'

दूध उतू गेलं, साखर जास्त झाली.
ओट्याला टेकून दोघांनी प्यायला.
शेगडी पुसायला तो थांबला.
मी आधी झोपलो.