मोबदला

सकाळी साडेआठला धुकं अजून नदीवरच असतं
आणि मी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिते:
कन्सिडरेशन.
वर्गात बत्तीस मुलं. अकरा परदेशी,
लाओसची, ताजिकिस्तानची, आणि घानाचा क्वाबेना,
ज्याला आमचं तिखट अजून सोसत नाही.
विद्यापीठाच्या पत्रकावर पृथ्वीचा गोल छापलाय,
त्यावर आमचं चोंगचिंग शोधून सापडत नाही.

ख्वांग सरांनी हा शब्द पहिल्यांदा वाचला एकोणऐंशी साली.
त्याआधी नऊ वर्षं ते वीटभट्टीवर होते.
कायद्याच्या कॉलेजात तोवर बटाटे साठवत.
परतल्यावर पहिला आठवडा बटाटे उपसण्यात गेला,
कोंब आलेले वेगळे, बरे ते वेगळे.
मग सायक्लोस्टाइलच्या पानांवर नोट्स निघाल्या
आणि ह्या शब्दापुढे सरांनी जागा कोरी सोडली.
तीन महिने कोरी.
शेवटी दोन अक्षरं बसवली: दुइ-ज्या,
समोरासमोरची किंमत.
म्हणायचे, बसली नाहीत गं पोरी,
टेकलीत नुसती.

ती टेकलेली अक्षरं घेऊन मी लीड्सला गेले,
शिष्यवृत्ती, एक वर्ष, उसना ओव्हरकोट.
तिथल्या बाईंनी मिरीच्या दाण्याची गोष्ट सांगितली:
बदल्यात एक दाणा दिला तरी करार पक्का.
दाणा केवढा, ते कायदा बघत नाही,
दिला का, एवढंच विचारतो.
वर्ग हसला.
मला बाबांचा बांबू आठवला.

बाबा ओझी वाहायचे.
खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोर,
घाटापासून वरच्या रस्त्यापर्यंत दोनशे बारा पायऱ्या.
एकदा एका फ्रिजचे सहा युआन ठरले.
वर पोचल्यावर मालक म्हणाला, चार.
कागद नव्हता. साक्षीला कोणी नव्हतं.
बाबांनी दम खाल्ला, फ्रिज पुन्हा उचलला
आणि खाली उतरायला लागले.
मालक मागून पळत, पाच म्हणत,
चहाच्या टपरीपाशी सहा म्हणत,
मारुतीच्या शेपटासारखी लांबत गेलेली ती घासाघीस
शेवटच्या पायरीवर दहावर आली.
बाबांनी फ्रिज जिथून उचलला होता तिथे ठेवला,
बरोब्बर तिथेच,
आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले.
आई म्हणाली, कोर्टात जा.
ते म्हणाले, तिथे पायऱ्या जास्त आहेत.

हे मी मुलांना सांगते. मग विचारते,
करार मोडला कोणी?
दहा युआन हा नवा प्रस्ताव की जुन्याचीच भीती?
आमच्या नव्या संहितेत बाराशे साठ कलमं,
आणि करार व्हायला ह्या शब्दाची गरज त्यातल्या एकालाही नाही.
मग शिकायचा कशाला, असं मागच्या बाकावरून येतंच.
मी खरं तेच सांगते: बंदरावरचे कागद ह्याच भाषेत येतात.
त्यांना ते पटतं. मला अर्धंच पटतं.
क्वाबेना म्हणतो, आमच्याकडे हा शब्द
गोऱ्या साहेबाबरोबर जहाजातून उतरला,
आजीला विचारलं तर ती कोला नटच्या बिया पुढे करेल.
ताजिक मुलगी ते वहीत लिहून घेते.
फळ्यावर शब्दाखाली मी जागा कोरी सोडते.

दुपारी क्वाबेना एकटाच घाटावर जाऊन आला होता,
हे मला उत्तरपत्रिकेत कळलं.
युक्तिवाद बरा होता, इंग्रजी माझ्याहून चांगलं.
शेवटी कंसात एक ओळ:
पायऱ्या मी मोजल्या, दोनशे नऊ आहेत, मॅडम.

खालच्या तीन धरणाच्या पाण्यात गेल्या.
त्याला कुठून माहीत असणार.
मी लाल पेन घेतलं
आणि त्याच्या दोनशे नऊपुढे
तीन वाढवल्या.