गळ्यात मारलेला बास

डुलुथमध्ये जानेवारीत सगळं लाकूड आक्रसतं.
बोट फिरवलं की कळतं: फ्रेटांची टोकं
मानेच्या कडेनं बाहेर आलेली,
दोन दिवसांच्या दाढीसारखी.
ह्या खरखरीवर मी वीस डॉलर पाडून मागते
आणि घरी येऊन पंधरा मिनिटांत
कानशीनं ती घालवते.
हा माझा धंदा.

थेरॉन गळ-आमिषाच्या दुकानासमोर भेटला,
गाडी बंद न करता. उणे बावीस.
बास मागच्या सीटवर, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत,
मान तेवढी बाहेर.
"ऐंशी," मी म्हटलं.
"शंभर. पिकअप नवीन आहे."
"असेल. जॅक हलतोय."
नव्वदला पटलं.
नोटा मोजायला त्यानं दातांनी हातमोजा काढला.

थंडीतून आलेलं वाद्य तासभर उघडू नये.
मी काही थांबले नाही.
तळघरात पालथा घातला, मानेचे चार स्क्रू काढले,
आणि खाचेत, घडी करून दडपलेला,
बिंगोच्या पत्त्याचा तुकडा. बी-नऊ.
मागे रेइनोच्या अक्षरात अर्धा फोन नंबर.
पत्ता, दोन्ही अर्थांनी.

म्हणजे हा माझाच.

अकरा वर्षांपूर्वी टेकडीवरच्या एका पोराला
मी हा गळ्यात मारला होता.
अक्षरशः. पट्टा मीच त्याच्या डोक्यावरून घातला,
मागं सरून म्हटलं, वा, शोभतो की!
मान वाकलेली होती. मला ठाऊक होतं.
पत्ता खुपसून वेळ मारून नेली,
"पट्टीसारखी सरळ आहे" म्हणाले,
त्याच्याकडे नाही, त्याच्या आईकडे बघून.

मधे किती हात लागलेत ह्याला.
कुणी पोटाकडची कड रंध्यानं उतरवलीय,
प्लायवूडचे सात थर उघडे,
झाडाच्या वयासारखे. खोटं झाड, खोटं वय.
कुणी आत तांब्याची फीत इतकी नीट लावलीय
की शेजारचं माझं डागकाम
थुंकून ठेवल्यासारखं दिसतंय.
कुणी खुंट्या बदलल्या, तीन. चौथी जुनीच.
पैसे संपले असणार. किंवा हौस.
आणि कुणीतरी ती मान
आठवडेच्या आठवडे शिकंज्यात धरून
सरळ केलीय. खरोखर सरळ.
एक डोळा मिटून मी तीनदा पाहिलं.
मग बसवताना माझा पत्ताही
जागच्या जागी ठेवला. का, कळत नाही.
आता त्याची गरज नव्हती.

शनिवारी क्लोकेहून वासेया आली, मावशीच्या ट्रकमधून.
बूट दारात काढून
मोज्यांनी तळघराच्या फळ्यांवर उभी राहिली.
तिला मी सगळं सांगितलं: प्लायवूड, डाग,
तीन अधिक एक खुंट्या, बिंगो,
ते पोरगं, त्याची आई.
एवढं मी पाद्र्यालाही कधी सांगितलेलं नाही.
तिनं मान हलवत ऐकून घेतलं.
"म्हणजे एकशेवीस," म्हणाली.

मी एकशेसाठ लावले होते.
खरं बोलायचा भाव कळला: चाळीस डॉलर.

मग तिनं त्या जुन्या खुंटीचा कान पिळला,
जरा जास्त, मग जरासा सैल,
आणि सर्वांत जाड तार छेडली.
खर्ज आधी तळपायांना ऐकू येतो.
स्क्रूंची बरणी फळीवरून दोन बोटं सरकली.
वर रेइनो खोकायचा थांबला;
सरोवर गोठलेलं, मार्चपर्यंत जहाजं नाहीत,
तरी त्याला वाटलं असेल, बंदरात कोणीतरी आलं.

"तो तुकडा काढून देऊ?" मी विचारलं.
"राहू दे. काही बिघडत नाही ना त्यानं?"
"नाही."
"मग राहू दे."

पट्टा तिनं स्वतःच गळ्यात घातला.
सगळ्या नोटा एकेकाच्या, टिपच्या, मॅपल सिरपनं चिकट.
निघताना केस फुकट मागितली.
ती मात्र मी दिली नाही.
कचऱ्याची पिशवी दिली.