शेवटचा शनिवार

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
तासगावच्या आमच्या संग्रहालयात
एका चित्राची गोष्ट सांगतात.
मांडववाल्याकडून चाळीस खुर्च्या येतात,
माणसं येतात अकरा.
त्यात मी धरलेली,
आणि चहाची किटली आणणारा पोऱ्याही.

या वेळी जिन्याजवळची बाई होती.
खाली पितळी पट्टी :
राजस्त्री. तैलरंग. चित्रकार अज्ञात.
दर सोमवारी मी पट्टीला चिंच लावते.
शेवटी उरलेली सगळी तिथंच घासते,
म्हणून 'अज्ञात' हा शब्द
साऱ्या इमारतीत जास्त चकाकतो.

बाबर सर छान बोलले.
छडीनं दाखवत गेले,
उजेड इथून येतो, गालावर थांबतो,
मग जरीवरून खाली उतरतो.
"आणि हा नजरेतला संयम बघा,
पिढ्यान् पिढ्यांचा."
आम्ही बघितला.
खालून बेदाण्याच्या पेट्या भरलेला टेंपो गेला,
तेवढा वेळ सर थांबले,
संयमसुद्धा थांबला.

शेवटच्या रांगेत एक म्हातारी होती.
सावळजची गाडी चुकली म्हणून
पंख्याखाली बसायला वर आलेली.
मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारा फ्लॉवर.
ती उठली
आणि दोरी ओलांडून थेट चित्राशी गेली.
दोरी ओलांडू न देणं हे माझं काम.
त्याचाच पगार मिळतो.
मी उठले नाही.

"ही रानी न्हवं," म्हणाली,
"ही आमची तानी आत्ती."

कुणीतरी हसलं.

"करंगळी बघा की.
इळ्यानं शेंडा गेलाय.
रानीच्या हातात कुठनं आला इळा?
आन् लुगडं उसनं हाय.
दुसऱ्याचं पोर मांडीवर घेतल्यागत बसलीया,
मुतलं तर काय करू, म्हनून."

सरांनी चष्मा पुसला, वाकले,
पुन्हा पुसला.

"रंगवाला दोन आनं द्यायचा दिसाला.
हालायचं न्हाई. नाकावर माशी बसली तरी न्हाई.
आत्ती म्हनायची, त्यापरीस खुरपायला जावं,
हाललं तरी पैसं मिळत्यात."

मग मी नजरेकडे पाहिलं.
माशी होती तिथं.
म्हणजे नव्हती, पण होती.

चिटणीस म्हणाले, समितीपुढे ठेवू,
काही पुरावा असेल तर बघा.
म्हातारीनं पिशवीत हात घातला.
आम्ही सगळे पुढे सरकलो.
तिनं मूठभर बेदाणा काढला, पोऱ्याला दिला,
आणि गाडी लागली का बघ म्हणाली.

ती गेल्यावर खुर्च्या रचताना मी हिशेब केला.
चित्रामागे पेन्सिलीनं साल लिहिलंय.
ते मलाच ठाऊक,
भिंतीकडची कोळिष्टकं मीच काढते ना.
म्हातारीचं वय, आत्तीचं वय, दोन आणे,
कसंही ओढलं
तरी वीस वर्षं कमी पडतात.
आत्तीची आत्ती असेल.
किंवा कुणीच नसेल,
गाडीला नुसता वेळ असेल.

पण करंगळी आखूड आहे.
बारा वर्षं त्या हातावर
मी मोरपिसाचा झाडू फिरवला,
पाच बोटं आहेत असं धरून.

माझ्या आईचीही दोन बोटं
कडबाकुट्टीत गेली होती.
तिचा एकच फोटो आहे, लग्नातला,
त्यात हात पदराखाली.

सोमवारी चिंच भिजवून पट्टीशी बसले.
'अज्ञात' घासलं, ते खरंच आहे.
'तैलरंग' घासलं.
'राजस्त्री' तेवढं सोडलं.

चढू दे थोडं हिरवं.